अजून फक्त चार हजार

कंपनीनं खोक्यावर छापलेला कुठलाही आकडा अव्याला मान्य नसतो. मिक्सरचे वॉट, स्कूटरचं ॲव्हरेज, पंख्याचे फेरे, हे सगळं त्याच्या मते कंपनीनं घाबरत घाबरत लिहिलेलं असतं. "काका, ते लोक सगळ्यात मरतुकडा नग धरून आकडा छापतात. आपला नग तसाच असते काय?" हा त्याचा सिद्धान्त. प्रोसेसरच्या बाबतीत तो बराचसा खराही आहे, हीच तर अडचण आहे.

अव्या आमच्या वरच्या मजल्यावर राहतो, नागपुरात, प्रतापनगरला. मिहानमधल्या एका कंपनीत नोकरी, वय चाळिशीच्या काठावर, घरात आई आणि पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले बाबा. लग्नाचा विषय कुणी काढला की तो पॉवर सप्लायचा विषय काढतो. माणूस निर्व्यसनी. नागपुरात जन्म काढून त्यानं खर्र्याची पुडी हातात धरलेली नाही. दर महिन्याचा पगार मात्र कुठे जातो ते बाबांना कळत नाही, आणि कळतं तेव्हा तो काचेच्या पेटीत लाल-निळे दिवे लावून बसलेला असतो.

हे दुखणं मामाकडचं. १९९८ साली इंटेलचा सेलेरॉन ३००ए निघाला. तीनशे मेगाहर्ट्झचा, स्वस्तातला. मदरबोर्डाची बस ६६ वरून १०० मेगाहर्ट्झवर नेली की तोच नग साडेचारशेवर चालायचा आणि बहुतेक वेळा बिनतक्रार चालायचा. काही बोर्ड हे सरळ करू देत नसत. तिथं प्रोसेसरची बी-२१ नावाची पिन झाकून बोर्डाला फसवावं लागे. अव्याच्या अमरावतीच्या मामानं ती मामीच्या नेलपॉलिशनं झाकली. मामी अजून ऐकवते, "मले एक बाटली आणून नाही दिली कधी, अन् माहीच घेऊन कॉम्प्युटरले लावली." पण काम झालं. खिशातून एक पैसा न काढता वेग दीडपट, आणि समोर कितीतरी महाग पेंटियम टू. शाळकरी अव्यानं हे डोळ्यांनी पाहिलं. त्या दिवसापासून पूर्ण पैसे देऊन पूर्ण वेग घेणारा माणूस त्याला भोळा वाटतो.

२०११ मध्ये त्यानं स्वतःच्या पगारातून पहिली मशीन बांधली. कोअर आय-सेव्हन २६००के. नावातला तो शेवटचा 'के' म्हणजे गुणक, वेग वाढवायची कळ, कंपनीनं मोकळा सोडलेला. खोक्यावर ३.४ गिगाहर्ट्झ; अव्यानं साध्या हवेच्या कूलरवर ४.५ वर नेली. जवळजवळ तिसरा हिस्सा जास्त. ती मशीन त्याच्याकडे नऊ वर्षं टिकली. मला विचाराल तर अव्याच्या आयुष्यातला तो शेवटचा शहाणपणाचा व्यवहार.

२०२० मध्ये नवी मशीन बांधायचं ठरलं. यावेळी पाण्यानं थंड होणारी, नळ्या-पंप-रेडिएटर सगळं स्वतः जोडून. त्यानं एक्सेलमध्ये यादी केली. २०२१ मध्ये क्रिप्टोवाल्यांनी ग्राफिक्स कार्डं उचलली, भाव आभाळाला भिडले, अव्या थांबला. २०२२ मध्ये एएमडीनं नवा सॉकेट आणला, सोबत डीडीआर-५ रॅम. जुनी यादी रद्द. त्याच वर्षाच्या अखेरीस त्यानं इंटेलच्या १३९००के वर बोट ठेवलं आणि बोर्ड ठरेना म्हणून ते बोट तिथंच राहिलं. २०२३ मध्ये रायझेन ७ ७८००एक्स३डी आला. गेमिंगसाठी सगळ्यांत वेगवान म्हणून जो तो त्याचं नाव घेत होता. अव्यानं घेतला नाही, कारण त्याचा गुणक बंद. "कुलूप आहे काका त्याले," तो म्हणाला. गेमला ते कुलूप आड येत नाही, हे मी सांगून पाहिलं. "मी राहतो तिथं कुलूप नाही पाहिजे," एवढंच म्हणाला.

मग २०२४ उजाडलं. इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीतले मोठे प्रोसेसर जरुरीपेक्षा जास्त व्होल्टेज ओढून खराब होतात, हे खुद्द इंटेलनं कबूल केलं, ऑगस्टमध्ये दुरुस्तीचा मायक्रोकोड दिला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. त्या दिवशी अव्या पेढे घेऊन खाली आला. "पाहा, घेतला असता तर?" न घेतलेल्या वस्तूचा इतका फायदा मी कुणाला झालेला पाहिला नाही. त्याची चालढकल त्या दिवशी दूरदृष्टी ठरली, आणि तिचा इलाज कायमचा हुकला.

पण यादीबद्दल सांगायचं राहिलं. तिच्यात एक वाक्य राहतं: अजून फक्त चार हजार. साधी रॅम बरी, पण अजून फक्त चार हजार टाकले तर सीएल-३० वाली येते. ती उंच निघाली म्हणून वरचा रेडिएटर बसेना. तर अजून फक्त चार हजारांत मोठी कॅबिनेट येते. कॅबिनेटला दोन्हीकडून काच, म्हणजे वायरी दिसणार. विणलेल्या वायरी घ्या, चार हजार. एवढं सगळं दिसणारच आहे तर पंखे दिव्यांचे घ्या. आता ते धूड टेबलाखाली मावेना. टेबल घ्या. टेबल किती? तुम्हाला आकडा ठाऊक आहे.

सीताबर्डीचे दुकानदार त्याला 'सर' म्हणतात, चहा पाजतात, आणि कोटेशन पेन्सिलीनं लिहितात.

तळमजल्यावरच्या वहिनींची मुलगी इंजिनीअरिंगला लागली. ऑटोकॅड चालेल असा कॉम्प्युटर हवा, पंचेचाळीस हजारांत. अव्या वही-पेन घेऊन बसला, अगदी मनापासून. रात्री साडेनऊला आकडा एक लाख दहा हजारांवर होता आणि वहिनी पदरानं वारा घेत होत्या. प्रत्येक पायरी बरोबर होती हो. एकेक कारण पटत होतं. कुठल्या पायरीवर आपण घराबाहेर पडलो ते त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी गपचूप लॅपटॉप आणला. अव्यानं तो उलटा करून पाहिला आणि खालच्या जाळीवर बोट फिरवत म्हणाला, "श्वास घ्यायले जागाच नाही ठेवली बिचाऱ्याले."

ग्राफिक्स कार्डापाशी बाबांनी पाय रोवले. यादीत आरटीएक्स ५०९० होतं, ५७५ वॉटचं. बाबांनी विचारलं, "आपला खिडकीतला कूलर किती वॉटचा?" दोनशेच्या आसपासचा. "म्हणजे एक कार्ड म्हणजे जवळपास तीन कूलर. अन् ते हवा कुणाले देते? कुणालेच नाही." शेवटी ५०८० वर तह झाला, ३६० वॉट. प्रोसेसर म्हणून रायझेन ७ ९८००एक्स३डी. त्याचा गुणक मोकळा आहे, आणि कॅशचा थर कोअरच्या वरून खाली नेल्यामुळे तो थंडही नीट होतो. इथं एक गोष्ट नमूद करून ठेवतो. हा १२० वॉटचा प्रोसेसर नॉक्टुआच्या त्या बिस्किटी-तपकिरी पंख्यांच्या हवेच्या कूलरवर आरामात राहिला असता. हे वाक्य अव्यासमोर बोलण्याची माझी हिंमत नाही.

पाण्याचं सामान बर्डीवर मिळेना. गिरगावात चुलतभावाचं लग्न होतं. अक्षतांच्या वेळी अव्या गायब. तो ग्रँट रोडला, लॅमिंग्टन रोडवर फिटिंग्ज शोधत होता. जेवणाच्या पंक्तीला परतला तेव्हा बगलेत तीन पंख्यांचा, ३६० मिलिमीटरचा तांब्याचा रेडिएटर. वधूवरांसोबतच्या फोटोत तो रेडिएटरसकट आहे. वधूकडच्यांना बरेच दिवस तो आहेर वाटत होता.

नळ्यांत डिस्टिल्ड वॉटर घालायचं, वर शेवाळ धरू नये म्हणून औषधाचे थेंब. तांब्याच्या रेडिएटरला प्रोसेसरवर बसणारा ॲल्युमिनियमचा ब्लॉक चालत नाही, दोन धातू एका पाण्यात आले की एक दुसऱ्याला खातो. हे सारं अव्या आईला स्वयंपाकघरात समजावतो. आईचा मुद्दा एकच, "लाइट अन् पाणी एकत्र? गिझरनं माणसं मरतात बाप्पा." त्यावर तो म्हणतो की शुद्ध डिस्टिल्ड पाण्यातून वीज जवळजवळ जात नाही. खरं आहे, मात्र ते पाणी धूळ आणि धातू चाटत फार दिवस शुद्ध राहत नाही, हे तो आईला सांगत नाही. त्याच्या पाच लिटरच्या कॅनमधून आईनं एकदा इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी घातलं. बॅटरीत तेच घालतात, यात चूक काही नव्हती. तरी अव्यानं कॅन कपाटात ठेवून कपाटाला कुलूप लावलं. कुलपाविरुद्धच्या तत्त्वाला तेवढा एक अपवाद.

नळ्या ॲक्रिलिकच्या. पीईटीजी वाकवायला सोपं, पण लवकर नरम पडतं, आणि नागपूरच्या उन्हाळ्याचा भरवसा नाही. हीट गन घेऊन, आत रबराची दोरी घालून, काटकोन काढायचे. पहिल्या खेपेच्या नळ्या वाकल्या त्या रागावलेल्या माणसासारख्या. त्या आता आईच्या मनीप्लांटला आधार देतात.

मग गळती तपासणी. बाकी मशीन बंद, पॉवर सप्लायला पेपरक्लिपनं चकवून फक्त पंप चालू, प्रत्येक जोडाखाली टिश्यू पेपर, चोवीस तास. घरात जोरात चालायला बंदी. कुकरची शिट्टीसुद्धा आई दबकत होऊ देत होती. रात्री कधीतरी टॉर्च मारताना अव्याला एका टिश्यूवर ओला ठिपका दिसला. त्यानं सगळं पाणी काढलं, एकेक जोड सोडवला, रबराच्या चकत्या भिंगाखाली पाहिल्या. पुन्हा भरलं. पुन्हा ठिपका. पुन्हा काढलं. पहाटे बाबा पाणी प्यायला उठले, दारात उभे राहून पाहत होते, आणि शांतपणे म्हणाले, "तो खिडकीतला कूलर बंद कर बे. त्याचे शिंतोडे येऊन राहिले."

कूलर बंद करता येईना, हा नागपूरचा प्रश्न. आणि इथंच अव्याच्या सगळ्या विद्येला खरा विरोधक भेटतो. रेडिएटर पाण्याला खोलीतल्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. पंप कितीही महाग घ्या, पंखे कितीही लावा, खोली चाळीस अंशांवर असेल तर पाणी चाळिसाच्या वरच राहणार. आमच्याकडे २३ मे २०१३ ला ४७.९ अंश नोंदलेले आहेत. खिडकीतला तीन बाजूंना खसचे पडदे लावलेला पत्र्याचा कूलर मात्र बाहेरच्या हवेपेक्षा गार हवा देतो, कारण तिथं पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जातं. तत्त्व जुनंच, माठाचं. म्हणजे चार-साडेचार लाखांच्या त्या काचेच्या पेटीतलं पाणी पत्र्याच्या कूलरच्या मेहेरबानीवर थंड असतं. आणि कूलरची दमट हवा थेट मशीनवर सोडता येत नाही, म्हणून अव्यानं खोलीच्या मध्ये ताडपत्रीचा एक आडोसा टांगलाय. आत शिरताना वाकावं लागतं. २०२४ च्या मे अखेरीस नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्रानं ५६ अंश दाखवले आणि हवामान खात्यानं सेन्सर बिघडल्याचा खुलासा केला, तेव्हा शहरात हसू पसरलं. अव्या हसला नाही. "आधी थर्मल पेस्ट बदलून पाहायची होती," म्हणाला.

गेम? गेम त्याचा भाचा खेळतो, सुट्टीत येतो तेव्हा. मुलगा पडद्यावर धडाधड शत्रू पाडत असतो आणि मामा मागं उभा राहून कोपऱ्यातल्या तापमानाच्या हिरव्या आकड्यांकडे बघत असतो.

"मामा, जिंकलो!"

"अठ्ठ्याहत्तर," मामा म्हणतो. "ब्लॉक परत बसवा लागते."

आता हिशेब. मामाच्या सेलेरॉनला तीनशेवर दीडशे मिळाले, पन्नास टक्के, नेलपॉलिशच्या खर्चात. २६००के ला बत्तीस टक्के, एका साध्या कूलरच्या खर्चात. ९८००एक्स३डी खोक्यातून निघतानाच ५.२ गिगाहर्ट्झपर्यंत जातो. अव्यानं तो ५.४ वर नेला. चार टक्केही नाहीत. कंपन्यांनी आता ऊस स्वतःच पिळून द्यायला सुरुवात केली, अव्याच्या हाती चिपाडं आली. मामानं पैसे वाचवण्यासाठी जे केलं तेच अव्या पैसे घालून करतो, आणि दोघांची भाषा अक्षरशः एकच: "कंपनीले कायले सोडायचं?" मला यात अव्याचा दोष दिसत नाही. पुढे जाणाऱ्या घराण्यात विद्या वाढते आणि तिचं पीक आटतं, असं गायकांच्या घरांतही झालेलं आहे.

शिवाय ते ५.४ वर्षभर नसतात. एप्रिल संपला की अव्या निमूटपणे इको मोड लावतो आणि पावसाळा लागेपर्यंत ती मशीन कंपनीच्या छापील वेगापेक्षाही खाली चालते. खोक्यावरचा आकडा त्या दोन महिन्यांत त्याला एकदम मान्य असतो.

तरीही कॉम्प्युटर घ्यायचा असेल तर अव्याकडेच जा. नागपुरात त्याच्याइतकं खरं आणि फुकट कुणी सांगणार नाही, आणि दुकानदार तुम्हाला जुना माल गळ्यात बांधणार असेल तर तो दुकानातच भांडेल. फक्त बजेट विचारलं की आहे त्याच्या निम्मं सांगा.