दोन मांजरे, संशयित दोन

एक मांजर असलेल्या घरात आजार ओळखावा लागतो. दोन मांजरे असलेल्या घरात आधी आजारी कोण, ते ओळखावे लागते. सकाळी सोफ्यामागे उलटी सापडते तेव्हा मनी खिडकीतून कबुतरे न्याहाळत असते, बोका वाटीपाशी नाश्त्याचा तगादा लावत असतो, आणि दोघांच्याही चेहऱ्यावर आपण या घरात कालच राहायला आल्याचा भाव असतो. उलटीत केसांची लांबट सुरळी असेल तर फारसे घाबरण्याचे कारण नसते. मांजराच्या जिभेवरचे बारीक काटे घशाकडे वळलेले असतात, त्यामुळे अंग चाटताना सुटलेले केस थुंकता येत नाहीत, गिळावेच लागतात. बरेचसे शीवाटे जातात, उरलेले अधूनमधून उलटून पडतात, शक्यतो गालिच्यावर. मात्र उलट्या वारंवार होऊ लागल्या, मांजर अंग टाकून बसले, अन्नावरची वासना उडाली, तर डॉक्टरकडे न्यावे लागते. कोणाला, हा प्रश्न उरतोच.

अन्नाच्या बाबतीत पुरावा हमखास फसवा असतो. दोन वाट्या शेजारी ठेवाव्यात, तासाभराने दोन्ही चाटूनपुसून लख्ख झालेल्या दिसतात आणि घरातली माणसे निर्धास्त होतात. त्या दोन्ही बोक्यानेच साफ केल्या असण्याची शक्यता मोठी. त्यात त्याचे वजन वाढते, पण खरी काळजी मनीची. दोन-तीन दिवस पोटात काही गेले नाही तर अंगातली चरबी यकृतात साचू लागते, लठ्ठ मांजरात तर विशेषच, आणि ते जिवावर बेतू शकते. माणसाला मानवणारे लंघन मांजराला मानवत नाही. म्हणून वाट्या वेगळ्या खोल्यांत ठेवून कोणी किती खाल्ले ते पाहावे. वाटीत दूध घालू नये. बहुतेक मोठ्या मांजरांना दुधातली साखर पचत नाही. डोळे मिटून दूध पिणाऱ्या मांजराबद्दल मराठीत म्हण आहे, नंतर लादी पुसणाऱ्याबद्दल नाही.

सर्वांत गुंतागुंतीचे प्रकरण लिटर ट्रेचे. मांजरे जितकी, त्याहून ट्रे एक जास्त, असा नियम सांगतात. म्हणजे दोघांना तीन. दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये तीन ट्रे मांडल्यावर माणसांनी कुठे बसायचे, याबाबत नियम गप्प आहे. जागा वाचवण्यासाठी तिन्ही ट्रे बाल्कनीत ओळीने ठेवले तर मांजरांच्या हिशेबी तो एकच ट्रे होतो, कारण बाल्कनीच्या दारात बोका बसला की तिन्ही बंद. बोका गुरगुरत नाही, पंजाही उचलत नाही, नुसता बघत बसतो. माणसांना वाटते, किती शांत मांजर आहे! मनी तिथून मागे फिरते आणि धुतलेल्या चादरींच्या गठ्ठ्यावर काम उरकते. मग तिच्यावर खुनशीपणाचा आरोप होतो. वास्तविक गादीवर किंवा चादरीवर लघवी करण्यामागे घाण ट्रे, धास्ती किंवा मूत्राशयाचे दुखणे असते. सूड उगवण्याइतकी फुरसत मांजराला नसते, झोपेतच दिवसाचे 12 ते 16 तास जातात.

आरोपी ठरवण्याचे शास्त्रीय मार्गही आहेत. पशुवैद्य एका मांजराला फ्लुरोसीन हा रंग देतात. मग त्याची लघवी अतिनील दिव्याखाली हिरवट-पिवळी चमकते. शी कोणाची, हे कळण्यासाठी बिनविषारी मेणखडूचा कीस एकाच्याच जेवणात मिसळतात. घरात जांभळी शी सापडल्यावर आनंदाने हाका मारणारी माणसे शेजाऱ्यांना मात्र समजावून सांगता येत नाहीत.

बोका पुन्हा पुन्हा ट्रेमध्ये जाऊन जोर करतो, ओरडतो आणि थेंबही येत नाही, तेव्हा चेष्टा बाजूला ठेवावी. घरचे बद्धकोष्ठ समजून इसबगोल शोधू लागतात. मूत्रमार्ग तुंबलेला असेल तर एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. रात्रीचे दोन वाजले असले तरी डॉक्टर गाठायचा. घरगुती औषध तर मुळीच नको. माणसाचा ताप उतरवणारी पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराला मारू शकते. पुष्पगुच्छातली लिलीही तितकीच वाईट, अंगावर सांडलेले तिचे पराग चाटले तरी मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात.

मारामारीची काळजी बहुधा फुकट जाते. आळीपाळीने पाठलाग, कधी हा वर कधी ती, आवाज जवळजवळ नाही, असे असेल तर तो खेळ. कान मागे चिकटलेले, शेपटी फुललेली, फिस्कारणे आणि किंचाळणे असेल तर भांडण. अशा वेळी मध्ये हात घालू नये. दोघांच्या मध्ये उशी किंवा पुठ्ठा सरकवावा.

भांडणाचा एक प्रकार डॉक्टरकडून परतल्यावर हमखास घडतो. लस टोचून आलेल्या मनीला दवाखान्याचा वास येतो आणि वर्षानुवर्षे तिच्या अंगावर झोपणारा बोका तिला परकी समजून फिस्कारतो. तिला काही तास वेगळ्या खोलीत ठेवावे, एकच पंचा दोघांच्या अंगावरून फिरवावा, वास जुळले की ओळख पटते. काही डॉक्टर दोघांना बरोबरच आणायला सांगतात. त्यासाठी दोन पिंजरे, एक रिक्षा आणि दोन्ही पिंजऱ्यांतून एका सुरात चाललेले रडगाणे ऐकण्याची रिक्षावाल्याची तयारी लागते.