क्षय, वृद्धी आणि सर्वोत्कृष्ट अभिनेता

2025 हे साल माझ्याशी उभा दावा मांडूनच आलं होतं. नोकरदार माणसाच्या हातात नवं कॅलेंडर पडलं की तो आधी लाल आकडे बघतो, राशिभविष्य त्यानंतर. आणि लाल आकडे काय सांगत होते? प्रजासत्ताक दिन रविवारी. गुढीपाडवा रविवारी. रामनवमी रविवारी. मोहरमही रविवारीच. रविवार बिचारा मुळातच लाल, त्याच्यावर आणखी किती लाल फासणार? एवढ्यावर भागलं नाही म्हणून 2 ऑक्टोबरला गांधीजयंती आणि दसरा एकाच दिवशी आले. दोन सुट्ट्यांचा एका सुट्टीत निकाल लागला.

मी हे तावातावाने सासूबाईंना सांगायला गेले. त्या शांतपणे गवार मोडत होत्या. म्हणाल्या, "अगं, सण काय तुझ्या हाफिसाला विचारून येतात का?"

आमच्या घरी कॅलेंडर हे खातं सासूबाईंकडे आहे. ते स्वयंपाकघरात फ्रीजशेजारच्या खिळ्यावर लटकतं आणि त्यावर संकष्टीच्या चंद्रोदयापेक्षा आमचाच इतिहास जास्त लिहिलेला असतो. टाकी कधी लावली, दूध कधी जास्त घेतलं, कामवाल्या मावशींचे खाडे, इस्त्रीला गेलेले कपडे. त्याची रचनाही नामी. वार वरून खाली आणि आठवडे आडवे, पण रकाने पाचच. महिना शनिवारी सुरू झाला की तीस-एकतीस तारखांना जागा उरत नाही. मग त्या उचलून पहिल्या रकान्यात वरच्या रिकाम्या घरांत नेऊन बसवतात. 2020 च्या ऑगस्टचं पान आठवा. सुरुवातीलाच 30 आणि 31, आणि एक तारीख त्यांच्या पुष्कळ खाली, तळाला. महिना संपल्यावर सुरू होतो, हे आपण लहानपणापासून बघतो आणि कुणालाही त्याचं काही वाटत नाही.

त्याच 2025 ची दिवाळी घ्या. 17 ऑक्टोबरला वसुबारस, 18 ला धनत्रयोदशी, आणि 19 ला? काही नाही. भाकड दिवस. पहिली आंघोळ 20 ला, लक्ष्मीपूजन 21 ला. मधल्या त्या रविवारी घरातल्या माणसांनी नेमकं काय करायचं, हे कुठल्याही ग्रंथात सांगितलेलं नाही. आमच्याकडे माणसांनी फराळाचे डबे उघडले. चकल्यांचा डबा नरकासुराच्या आधीच निम्म्यावर आला. त्यातच उत्तरेकडच्या बातम्यांत लक्ष्मीपूजन 20 ला आणि आमच्याकडे 21 ला. अमावास्या दोन दिवसांत विभागून आली होती ना! आमचे हे दोन्ही दिवस पूजा करू म्हणाले, लक्ष्मीच्या बाबतीत धोका नको.

उत्तरेचं निघालंच आहे तर आमच्या मजल्यावरची गोष्ट सांगते. समोरच्या भाभी लखनौच्या. त्यांचा महिना पौर्णिमेला संपतो, आमचा अमावास्येला. त्यामुळे त्यांचा श्रावण आमच्यापेक्षा पंधरवडाभर आधी लागतो. म्हणजे आम्ही आषाढ अमावास्येला, सोज्वळ भाषेत दीपपूजनाच्या आणि खऱ्या भाषेत गटारीच्या दिवशी, कोंबडीवर फोडणी टाकतो तेव्हा भाभी श्रावणाच्या ऐन मध्यावर उपाशी बसलेल्या असतात. पुढे त्यांचा श्रावण संपून तिकडे कढया चढतात तेव्हा आमचा निम्मा श्रावण शिल्लक असतो. दोन दारांमध्ये चार फुटांचं अंतर आणि पंधरा दिवसांचा फरक. जिन्यात एकमेकींच्या स्वयंपाकाचे वास घेत आम्ही राष्ट्रीय एकात्मता टिकवून आहोत.

पण खरं सांगू, पंचांगावर माझा राग टिकत नाही. त्या सगळ्या घोळामागे कारण असतं, आणि तेही आकाशातलं. चंद्र सूर्यापासून बारा अंश पुढे सरकला की एक तिथी झाली. चंद्राची चाल काही एकसारखी नाही, म्हणून एखादी तिथी एकोणीस-वीस तासांत आटपते तर एखादी सव्वीस तास रेंगाळते. जिच्या वाट्याला सूर्योदयच आला नाही ती क्षय, जिला दोन सूर्योदय मिळाले ती वृद्धी. चांद्रवर्ष 354 दिवसांचं, म्हणजे सौरवर्षापेक्षा अकरा दिवसांनी तोकडं. ती तूट साठत साठत जाते आणि साधारण दर बत्तीस-तेहतीस महिन्यांनी एक अधिक मास घालून फेडली जाते. 2023 मध्ये अधिक श्रावण आला, गणपती 19 सप्टेंबरपर्यंत लांबले. 2025 मध्ये ते 27 ऑगस्टलाच दारात उभे. हिशेब चोख आहे. आणि मुख्य म्हणजे जे काही वाकडंतिकडं व्हायचंय त्याची लेखी सूचना वर्षभर आधी भिंतीवर टांगलेली असते.

चित्रपट पुरस्कारवाल्यांनी ही सोय कधी केली आहे?

'यंदाचे राष्ट्रीय पुरस्कार जाहीर' अशी बातमी 1 ऑगस्ट 2025 ला आली. मी उत्साहाने वाचायला घेतली. पुरस्कार 2023 चे. म्हणजे अधिक श्रावण होता त्या सालचे! आणि त्यातही 2023 म्हणजे चित्रपट लागला ते साल नव्हे, सेन्सॉरचं प्रमाणपत्र मिळालं ते. प्रत्यक्ष पदकं हातात पडली 23 सप्टेंबरला. शाहरुख खानला कारकिर्दीतला पहिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, त्याने तीन दशकं वाट पाहिली होती, त्याला वर्ष-दोन वर्षांचं काय एवढं! मला काळजी बालकलाकारांची वाटते. 'नाळ 2' मधल्या पोरांना पुरस्कार मिळाले, साडी नेसलेल्या चिमुरडीने राष्ट्रपतींच्या हातून तो घेतला, सगळ्या देशाने कौतुक केलं, मीही डोळे पुसले. पण चित्रपट नोव्हेंबर 2023 चा. त्या वयात दोन वर्षं म्हणजे दोन नंबर मोठ्या चपला. सरकारने आणखी थोडा उशीर केला तर बालकलाकाराचं पदक घ्यायला मिसरूड फुटलेला मुलगा येईल आणि दारावरचा शिपाई त्याला आत सोडणार नाही.

त्याच यादीत सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट होता 'श्यामची आई'. आमच्या सासूबाईंना ही बातमी वाचून दाखवली तर त्या म्हणाल्या, "त्याला तर मी लहान असतानाच मिळालं की!" मिळालं होतंच. 1954 मध्ये देशातलं पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक आचार्य अत्र्यांच्या 'श्यामची आई'लाच मिळालं. हा नवा, सुजय डहाके यांचा, हे मी परोपरीने सांगितलं. पण त्यांची समजूत अशी झाली आहे की दिल्लीचं टपाल आत्ता पोचलं.

फिल्मफेअरची तऱ्हा निराळी. तेही 1954 लाच सुरू झाले. 2025 च्या ऑक्टोबरमध्ये अहमदाबादला सोहळा झाला तो सत्तरावा. बोटं मोजा. 1954 चा पहिला धरला तर 2025 चा बहात्तरावा यायला हवा. दोन गेले कुठे? तर 1987 आणि 1988 मध्ये पुरस्कार झालेच नाहीत. क्षय! पंचांगातसुद्धा 1963-64 आणि 1982-83 मध्ये क्षयमास येऊन गेला, पण तिथे नियम असा की एक महिना गळला तर मागेपुढे अधिक मास देऊन भरपाई करायची. इथे भरपाई दुसऱ्याच वाटेने झाली. पहिल्या वर्षी पुरस्कार होते पाच: चित्रपट, दिग्दर्शक, नट, नटी, संगीतकार. मेट्रो थिएटरात उरकून लोक शेवटच्या लोकलने घरी गेले असतील. आता एवढ्या प्रकारांचे असतात की रिकाम्या हाताने परतायचं तर खास प्रयत्न करावे लागतील. आणि त्या सत्तराव्या सोहळ्यात तेरा पुरस्कार नेले ते 'लापता लेडीज'ने, जो 1 मार्च 2024 ला लागला होता. दीड वर्षाने हरवलेल्या बायका सापडल्या म्हणायचं.

टीव्हीवरच्या सोहळ्यांबद्दल तर बोलूच नये, पण बोलते. मागे एका वाहिनीवर असाच सोहळा बघत होतो. मे महिना, डोंबिवली, पंखा पाचवर, अंगावरून घामाच्या धारा. पडद्यावर निवेदक हात चोळत म्हणतो, "काय गुलाबी थंडी पडलीय नाही!" चित्रीकरण जानेवारीतलं. निकाल केव्हाच सगळ्यांच्या मोबाइलवर येऊन गेलेले, तरी पाकीट उघडताना ढोलाचा आवाज आणि जाहिरात. समोर बसलेली एक अभिनेत्री तीन वेगवेगळ्या विनोदांना अगदी तेच हसली, मान तितकीच मागे टाकून, आणि तिसऱ्या वेळी तर विनोद व्हायच्या आधीच. संकलनाचा पुरस्कार त्याच सोहळ्यात कुणाला तरी मिळाला. कुणाला ते कळलं नाही, कारण संकलन, ध्वनी, छायाचित्रण या सगळ्या मंडळींचे पुरस्कार मिळून एका मिनिटाच्या धावत्या पट्टीत कोंबले होते. ज्यांच्या जिवावर चित्रपट उभा राहतो त्यांना एक मिनिट आणि पुरुषाने नऊवारी नेसून केलेल्या प्रहसनाला पंचवीस. हे मात्र मी गंमत म्हणून म्हणत नाही. सर्वोत्कृष्ट चित्रपट जाहीर झाला तेव्हा घरात जागं कुणी नव्हतं.

ऑस्करवाल्यांना आपण शिस्तीचे समजतो. त्यांची कुंडली मांडून बघा. पहिला सोहळा 16 मे 1929 चा, आणि तो ऑगस्ट 1927 ते जुलै 1928 मधल्या चित्रपटांसाठी. निकाल तीन महिने आधीच जाहीर झालेले, सोहळा पंधरा मिनिटांत संपलेला. (ही एक गोष्ट आपल्याकडे आणण्यासारखी होती, नेमकी तीच राहिली.) मग त्यांना वाटलं आपलं वर्ष जानेवारी-डिसेंबर असावं. त्यासाठी सांधा जुळवताना त्यांनी ऑगस्ट 1932 ते डिसेंबर 1933 असं सलग सतरा महिन्यांचं वर्ष केलं. सतरा! आमच्या पंचांगाची उडी तेरावर थांबते. पुढे करोनाच्या काळात फेब्रुवारी 2021 पर्यंत मुदत वाढवून चौदा महिन्यांचं आणखी एक. आणि चॅप्लिनचा 'लाइमलाइट' तर वृद्धी तिथीचा कळस. चित्रपट 1952 चा. पण लॉस एंजेलिसमध्ये तो लागला 1972 साली आणि नियमाने तिथे लागल्याशिवाय विचार नाही. म्हणून संगीताचं ऑस्कर 1973 मध्ये. तिघांच्या नावे होतं. तोवर त्यातले दोघे हयात नव्हते.

वर त्यांचा रविवारचा सोहळा आपल्याकडे सोमवारी पहाटे. डबा, दूध, पाण्याची वेळ आणि सर्वोत्कृष्ट आंतरराष्ट्रीय चित्रपट, सगळं एकदम.

तर या सर्व गोंधळावर मी एक तोडगा काढला आहे. सगळे पुरस्कार सोहळे अधिक महिन्यात घ्यावेत. त्या महिन्यात लग्नं नाहीत, मुंजी नाहीत, वास्तुशांती नाही, त्यामुळे हॉल रिकामे आणि लोकही रिकामे. 2023 नंतरचा अधिक महिना म्हणजे 17 मे 2026 पासूनचा ज्येष्ठ. तीन वर्षांची थकबाकी एका झटक्यात निघेल, कुठल्या सालचा चित्रपट हा प्रश्नच राहणार नाही, आणि मधले बत्तीस महिने आम्हाला झोप मिळेल. संख्याही शास्त्रातच ठरलेली आहे. अधिकात वाण द्यायचं ते तेहतीस अनारशांचं, म्हणून पुरस्कारही तेहतीसच, चौतिसावा मागू नये.

मी ही योजना मोठ्या उमेदीने सासूबाईंपुढे ठेवली. त्यांनी गवारीची शेवटची शेंग मोडली, शिरा बाजूला केल्या आणि म्हणाल्या, "पण अधिकाचं वाण जावयालाच द्यावं लागतं हो."

"तेवढीच अडचण आहे," मी म्हटलं.

"अडचण कसली? त्यांच्यात तसंच देतात की."