पुतळा कुठे आहे हो?

सिंदखेडराजाला मी तीनदा गेलो आणि तिन्ही वेळा लखुजीराव जाधवांचा राजवाडा पाहून, आठ-दहा फोटो काढून परतलो. चौथ्यांदा ठरवलं, पुतळा बारव पाहायचीच. "विहीर बघायला एवढ्या उन्हात?" इति बायको.

पानटपरीवाल्याला विचारलं, "पुतळा कुठे आहे हो?" बारव हा शब्द तोंडातच राहिला. त्याने तंबाखू चोळता चोळता हनुवटीनेच दिशा दाखवली. गेलो, तर पुतळा निघाला. दुसऱ्याला विचारलं. त्याने दुसऱ्या पुतळ्यापाशी नेऊन सोडलं, वर "फोटो काढून देऊ का दोघांचा?" म्हणाला. त्याचं तरी काय चुकलं? जिजाऊंच्या माहेरी पुतळा विचारणाऱ्याला विहीर दाखवायचं कुणाला सुचेल!

असे चुकत चुकत लखुजीरावांच्या समाधीशी पोचलो. १६२९ साली निजामशहाने त्यांना देवगिरीवर दगा देऊन मारलं. २०२४ मध्ये पुरातत्त्वखात्याची माणसं या समाधीच्या डागडुजीला आली. जवळच जमिनीत दगडांची सरळ रांग दिसली, म्हणून खणलं, तर देवळाचा सभामंडप. आणखी खाली, सव्वादोन मीटरवर, शेषशायी विष्णू! पाय चेपणाऱ्या लक्ष्मीसह, १.७० मीटर लांब. आमच्या अंगणात नळासाठी खणलं तेव्हा शेजाऱ्याची पाइपलाइन सापडली होती, तीही कुदळीलाच. ज्याचं त्याचं नशीब.

शेवटी बारव सापडली ती शेळ्या हाकणाऱ्या आजीबाईंमुळे. "बारव व्हय? मंग तसं म्हना ना. पुतळे काय इचारू राहिले गावभर?"

पायऱ्या उतरलो तसा वरचा उन्हाचा कडाका मागे पडला. भिंतींतून दगडी बाया उभ्या. कुणाचं नाक गेलेलं, कुणाचा हात. दागिने मात्र अंगावर शाबूत. ऊन-ऊन करणारी बायको एका हारापुढे इतका वेळ थांबली, की मी खिसा चाचपला. "असा घडवून मिळेल का हो कुठे?" विहिरीत उतरून सोनाराचा खर्च निघेल, हे मात्र कुठल्याच माहितीपुस्तकात नव्हतं.

तुम्हीही जा. १२ जानेवारीला जिजाऊ जयंतीची अलोट गर्दी असते. बारव निवांत पाहायची तर तो दिवस टाळा. आणि रस्ता विचारताना आधी बारव म्हणा, पुतळा नंतर.