होराभूषण

फुटबॉलच्या प्रेक्षकांत खेळ पाहावयास येणारे, निकाल पाहावयास येणारे आणि पंचाच्या सात पिढ्यांचा उद्धार करण्याकरिता रीतसर तिकीट काढून येणारे असे जे वर्ग सर्वांच्या परिचयाचे आहेत, त्यांच्याखेरीज आणखी एक वर्ग आहे, आणि माझ्या मते तोच सर्वांत चिवट आहे. या वर्गातला गृहस्थ मैदानावर वेळेआधी हजर असतो, त्याची मान चेंडूबरोबर इकडून तिकडे वळतही असते; परंतु समोर चाललेला सामना हा त्याच्या लेखी केवळ एक पुरावा असतो, आणि ज्या खटल्यात तो दाखल करावयाचा, त्याची तारीख चार-पाच वर्षांनंतरची असते. संघाचा कर्णधार कोवळ्या वयाचा असला, तर अशा गृहस्थाला पर्वणीच लाभते. कारण पिकल्या खेळाडूविषयी फार तर मत देता येते, भाकीत करावयाला मिसरूड फुटणारे पोरच लागते.

उत्तर लंडनमध्ये फिन्सबरी पार्कच्या अलीकडे राहणारे आमचे होराभूषण (पाळण्यातले नाव निराळे आहे, पण ते आता पेन्शनच्या कागदांपुरतेच उरले आहे) हे या वर्गाचे अस्सल प्रतिनिधी होत. १९७०च्या हिवाळ्यात ते गिरगावातून विलायतेत उतरले, हायबरीच्या मैदानामागच्या गल्लीत त्यांना परवडण्याजोगी खोली मिळाली, आणि शनिवारी दुपारी खिडकीची तावदाने ज्या गर्जनेने थरथरत ती कोणाची, याची चौकशी करता करता ते आर्सेनलचे झाले. त्याच हंगामात, १९७१च्या मे महिन्यात, आर्सेनलने लीग आणि एफ. ए. कप हे दोन्ही मान एकदम पटकावले, तेव्हा हा आपलाच पायगुण, अशी त्यांची जी प्रामाणिक समजूत झाली ती आजतागायत कायम आहे. तो दुहेरी योग पुन्हा जुळून यावयाला १९९८ साल उजाडावे लागले. मधल्या सत्तावीस वर्षांत, वर्तमानावर विसंबून राहण्यात हशील नाही, हा धडा त्यांनी असा काही गिरवला, की पुढे विजय भराभर मिळू लागले तेव्हा ते त्यांना किंचित अडचणीचेच वाटत.

त्यांच्या बैठकीच्या खोलीत बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांतून जुन्या सामन्यांच्या कार्यक्रमपुस्तिका रचून ठेवलेल्या आहेत, आणि त्या डब्यांवर, लाल बासनात बांधलेली, पुठ्ठ्याच्या बांधणीची एक हिशेबाची वही असते. या वहीत प्रत्येक होतकरू खेळाडूला एक पान बहाल केलेले आहे. पानाच्या शिरोभागी जन्मतारीख, खाली तीन रकाने: ‘आज’, ‘तेविसाव्या वर्षी’ आणि ‘सव्विसाव्या वर्षी’. पहिल्या रकान्यात बहुधा एकच शब्द आढळतो, तो म्हणजे ‘बरा’. दुसऱ्यात दोन-चार ओळी असतात. तिसरा मात्र भरून समासात उतरलेला आणि समासातून वर चढून जन्मतारखेला टेकलेला असा असतो. सेस्क फाब्रेगासच्या पानाला तर शेवटी एक पुरवणी चिकटवावी लागली. जन्म ४ मे १९८७, गाव आरेन्स दे मार, बार्सेलोनाच्या उत्तरेस समुद्रकाठी. बार्सेलोना क्लबच्या प्रबोधिनीतून हा मुलगा सोळाव्या वर्षी लंडनला आला आणि २००३च्या ऑक्टोबरात, १६ वर्षे १७७ दिवस या वयात, रॉदरहॅमविरुद्ध पहिल्या संघातून खेळला. त्याच्याहून लहान वयात आर्सेनलकडून तोवर कोणीच खेळले नव्हते. होराभूषणांनी त्याच रात्री तिसरा रकाना भरावयास घेतला.

पुढे २००८च्या नोव्हेंबरात कर्णधार विल्यम गालास याने आपल्याच सहकाऱ्यांची उणीदुणी वार्ताहरापुढे काढली. याच गालासने फेब्रुवारीत बर्मिंगहॅमच्या मैदानावर, शेवटच्या क्षणी विजय हुकला म्हणून, सामना संपल्यावर भर मैदानात बैठा सत्याग्रह केला होता. प्रशिक्षक आर्सेन वेंगर यांनी त्याची सनद जप्त करून ती एकवीस वर्षांच्या फाब्रेगासच्या दंडावर बांधली. त्या दिवशी संध्याकाळी होराभूषणांकडे त्यांचे परममित्र हिशेबनीस आले. हे मूळचे सदाशिव पेठेतले, येथल्या नगरपालिकेच्या हिशेबखात्यातून निवृत्त झालेले, आणि आशा हा खर्चाच्या बाजूचा आकडा आहे, अशी ठाम निष्ठा बाळगणारे.

“एकवीस वर्षांचं पोर,” हिशेबनीस कोट न काढताच म्हणाले, “आणि त्याच्या हाती दौलत?”

“थोरले माधवराव गादीवर बसले तेव्हा सोळा वर्षांचे होते.”

“त्यांना छळायला राघोबादादा होते.”

“ह्याला गालास आहे.”

“आणि सत्ताविसाव्या वर्षी थेऊरला काय झालं, तेही सांगा.”

“शुभ बोला हो! सव्विसाव्या वर्षी हा युरोपचा बादशहा होणार आहे. वहीत आहे.”

वहीत आहे म्हटल्यावर त्यावर अपील चालत नाही. दुसऱ्या दिवशी नव्या कप्तानाच्या हाताखाली आर्सेनलने डायनॅमो कीव्हला एका गोलाने हरवले आणि त्याच आठवड्याच्या अखेरीस चेल्सीला त्यांच्याच घरी २-१ असे चीत केले. या दोन्ही विजयांची दखल पहिल्या रकान्यात ‘बरा’ या शब्दाखाली बारीक रेघ ओढून घेण्यात आली.

येथे होराभूषणांना न्याय देण्याकरिता एक गोष्ट नमूद करणे अवश्य आहे. हे वेड त्यांचे एकट्याचे नव्हते. त्या काळात अख्खा क्लबच उद्याच्या नावावर जगत होता. २००६ साली हायबरीचे जुने घर सोडून साठ हजार आसनांच्या नव्या एमिरेट्स मैदानात बिऱ्हाड हलविल्यापासून कर्जाचे हप्ते सुरू झाले होते, आणि वेंगर हे अर्थशास्त्राचे पदवीधर असल्यामुळे, तयार खेळाडूंवर पैसा ओतण्याऐवजी पोरे आणून ती वाढवावीत, असा मनसुबा त्यांनी चालविला होता. २००५ नंतर कपाटात एकही चषक आला नव्हता. दर वसंत ऋतूत पराभवाची कारणमीमांसा ‘संघ अजून लहान आहे’ या एका वाक्यात आटपत असे. प्रशिक्षकच असे म्हणू लागल्यावर होराभूषणांनी वही का मिटावी? आणि ही बाधा काही टेम्सच्या पाण्याचीच आहे असेही नाही. १९९६ साली तेविसाव्या वर्षी सचिन तेंडुलकरच्या हाती भारताचा संघ आला, तेव्हा शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर हीच वही निराळ्या हस्ताक्षरात उघडली गेली होती.

होराभूषणांच्या शास्त्राचा गाभा मला पुष्कळ उशिरा उमगला. कप्तानाचा खेळ रंगला नाही, की ते प्रसन्न असत: पोर कच्चे आहे, कच्चे आहे म्हणूनच पिकेल, हे त्यांचे प्रमेय. खेळ बेताचा झाला, की प्रगती रास्त गतीने चालली आहे, असा शेरा पडे. परंतु तो अप्रतिम खेळला, की यांच्या चेहऱ्यावर अवकळा येई. कारण जो माणूस आजच अप्रतिम आहे त्याचे भविष्य वर्तविणार काय, आणि त्याहून वाईट म्हणजे, ते अप्रतिमपण बार्सेलोनाच्या लोकांनाही दूरचित्रवाणीवर दिसलेले असणार! तेव्हा सर्व दृष्टींनी निर्धोक असा कप्तान एकच, आणि तो म्हणजे जायबंदी कप्तान. २००८च्या डिसेंबरात लिव्हरपूलविरुद्ध फाब्रेगासचा गुडघा दुखावला आणि तो थेट एप्रिलपर्यंत मैदानाबाहेर बसला, ते चार महिने होराभूषणांच्या आयुष्यातले बहुधा सर्वांत सुखाचे असावेत. संघ हरला, की “तो असता तर!” आणि जिंकला, की “तो आल्यावर बघा!” अशा दोन वाक्यांवर त्यांनी तो हिवाळा काढला, आणि या दोन्ही वाक्यांचे खंडन करणे खुद्द फाब्रेगासलाही शक्य नव्हते.

२००९-१०चा हंगाम मात्र त्यांना फार जड गेला. पहिल्याच सामन्यात एव्हर्टनचा ६-१ असा फडशा पडला, त्यात कप्तानाचे दोन गोल. ऑक्टोबरअखेर शेजारच्या टॉटनहॅमविरुद्ध आर्सेनलचा पहिला गोल होऊन चेंडू मध्यावर ठेवला जातो न जातो, तोच त्याने तो हिसकावला आणि एकट्याने अर्धे मैदान कापून दुसरा गोल चढवला. सारे मैदान नाचत होते, आणि होराभूषण कपाळाला हात लावून म्हणाले, “संपलं. आता पत्र येणार.”

पत्र म्हणजे बार्सेलोनाचे. “पोराला माहेरची ओढ आहे,” हे त्यांचे त्या वर्षीचे पालुपद होते. ते ऐकून ऐकून वहिनींनी एकदा स्वयंपाकघरातूनच विचारले, “पाच वर्षं माहेरी पाऊल न टाकता मी इथे काढली, तेव्हा माझं पान होतं का हो त्या वहीत?” या प्रश्नाला उत्तर म्हणून दूरचित्रवाणीचा आवाज वाढविण्यात आला.

हिशेबनीसांचे म्हणणे असे, की आर्सेनलमध्ये कर्णधारपद ही नेमणूक नसून रजेचा अर्ज आहे: व्हिएरा २००५ साली युवेंटसला गेला, आन्री २००७ साली बार्सेलोनाला, आणि हा तर जन्मानेच तिकडचा. यावर होराभूषणांचा हुकमाचा एक्का म्हणजे टोनी ॲडम्स. १९८८च्या पहिल्या तारखेला तोही एकविसाव्या वर्षीच कर्णधार झाला, अधूनमधून दारूपायी स्वतःची शोभा करून घेतली, प्रत्यक्ष तुरुंगाची हवा खाऊन आला, आणि तरीही २००२ पर्यंत चौदा वर्षे त्याने ती पट्टी दंडावरून उतरू दिली नाही.

“ॲडम्सचं माहेर रॉमफर्ड,” हिशेबनीस शांतपणे म्हणाले. “सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येतं.”

३१ मार्च २०१०ची रात्र मी त्यांच्याच घरी होतो. युरोपीय चषकाच्या उपान्त्यपूर्व फेरीत बार्सेलोनाच समोर उभी ठाकली होती, आणि अशा सामन्यांना प्रत्यक्ष जाण्यास डॉक्टरांनी मज्जाव केल्यामुळे होराभूषण घरच्या खुर्चीत, गळ्यात लाल-पांढरा मफलर गुंडाळून बसले होते. इब्राहिमोविचने दोन गोल चढविले तेव्हा ते निश्चिंत होते. संघ कच्चा आहे, हे सिद्धच होत होते. मग वॉलकॉटने एक गोल फेडला, आणि सामना संपावयाला पाचच मिनिटे उरली असता पुयोलने फाब्रेगासला गोलाच्या तोंडाशी पाडले. पुयोल बाहेर गेला. पेनल्टी घ्यावयाला कप्तान स्वतः आला. त्याने चेंडू जाळ्यात मारला आणि दुसऱ्याच क्षणी तो पाय धरून लंगडू लागला. होराभूषण खुर्चीतून उठले होते. मफलरचे एक टोक त्यांनी दातांत धरले होते आणि डोळे पडद्यावरून ढळत नव्हते. त्यांनी वय सांगितले नाही, माधवराव काढले नाहीत. त्या अर्ध्या मिनिटात लंगडणाऱ्या एका मुलाखेरीज त्यांना काही दिसत होते असे मला वाटत नाही. मी त्यांना प्रत्यक्ष सामना पाहताना पाहिले ते त्या वेळी. पायाचे हाड मोडल्याचे पुढे निष्पन्न झाले आणि त्याचा हंगाम तेथेच आटोपला. ती वार्ता आली तेव्हा होराभूषण पुष्कळ सावरले होते. “किती आठवडे?” त्यांनी विचारले, आणि वही ओढली.

नंतरची हकीगत थोडक्यात सांगण्यासारखी आहे. त्या उन्हाळ्यात स्पेनने विश्वचषक जिंकला. जोहान्सबर्गच्या अंतिम सामन्यात इनिएस्ताने केलेल्या एकमेव गोलाआधीचा पास बदली खेळाडू म्हणून उतरलेल्या फाब्रेगासचा होता. परंतु माद्रिदच्या जल्लोषात पुयोल आणि पिके यांनी जबरदस्तीने त्याच्या डोक्यातून बार्सेलोनाचा सदरा अडकविला, तेव्हा होराभूषणांनी विश्वचषकाची नोंद न घेता फक्त सदऱ्याची घेतली. २०११च्या मार्चमध्ये बार्सेलोनातच त्याने आपल्या गोलाजवळ टाचेने चेंडू मागे सरकविण्याचा नसता डौल केला आणि त्यातून मेस्सीने गोल मारला. “बघा, अजून कच्चा आहे,” होराभूषण म्हणाले. त्यांच्या आवाजात कित्येक महिन्यांनी उमेद होती. ऑगस्टात पोर माहेरी गेले. वही काढून त्यांनी ते पान फाडले नाही, त्यावर काट मारली नाही. फक्त तिसऱ्या रकान्याच्या वर ‘अन्यत्र’ असे लिहिले.

जॅक विल्शर हा त्या वेळी एकोणीस वर्षांचा होता, आणि पुढचा कप्तान तोच, हे होराभूषणांनी तत्पूर्वीच ठरवून टाकले होते. त्या उन्हाळ्यात त्याचा घोटा दुखावला आणि पुढचा सबंध हंगाम त्याला एकही सामना खेळता आला नाही. मी भेटावयास गेलो तेव्हा होराभूषणांची तब्येत उत्तम होती. रंग परतला होता, वहिनींनी केलेली साबुदाण्याची खिचडी ते दुसऱ्यांदा मागून घेत होते, आणि विल्शरच्या पानाला पुरवणी चिकटवण्यासाठी खळ शोधत होते.

२०१४च्या जूनमध्ये, नुकताच मे महिन्यात सत्तावीस वर्षांचा झालेला फाब्रेगास बार्सेलोना सोडून लंडनला परतला, तो चेल्सीत. ही बातमी आली त्या सकाळी हिशेबनीसांनी दूरध्वनी केला आणि नमस्कार-चमत्काराच्या भानगडीत न पडता एकच शब्द उच्चारला, “थेऊर.”

पलीकडून काही वेळ पाने उलटल्याचा आवाज आला. मग होराभूषण म्हणाले, “असू दे. विल्शर अवघा बाविसाचा आहे.”