इकामा भाड्याने देणाऱ्या भाईंस

जनाब भाई,

रियाधच्या बथामध्ये तुमचं बरं चाललं असणार. तुमचा भाडेकरू, म्हणजे माझा भाचा, मागच्या आठवड्यात आउटपासवर, म्हणजे पासपोर्टाऐवजी मिळणाऱ्या परतीच्या कागदावर, मुंबईला उतरला. सामान तुमच्या खोलीवरच राहिलं आहे. तरहीलमधून, म्हणजे हद्दपारीच्या कोठडीतून, थेट विमानात बसवलेल्या माणसाला बॅग भरायला कोण सोडणार?

आधी तुमच्या धंद्याचं कौतुक. आमच्या खेड तालुक्यात कुणी खोली भाड्याने दिली तर करार होतो, पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहिती जाते. तुम्ही मात्र स्वतःचं नाव, डिलिव्हरी अ‍ॅपवरचं खातं आणि इकाम्याचा, म्हणजे राहण्याच्या परवान्याचा, फोटो असं सगळं नुसत्या शब्दावर दिलंत. वर मोलाचा सल्लाही दिलात: दाढी ठेव, माझ्यासारखा दिसशील. पोराने ठेवली. नाक्यावर पोलिसाने दाढीकडे पाहिलंही नाही, बोट तेवढं यंत्रावर ठेवायला सांगितलं. ज्या देशात 2016 पासून मोबाइलचं सिमसुद्धा ठसा दिल्याशिवाय मिळत नाही, तिथे तुम्ही दाढीवर भरवसा ठेवलात! यंत्राने त्याचं खरं नाव आणि खरा हुद्दा सांगितला, ‘सायक खास’, म्हणजे घरचा ड्रायव्हर. ज्या घराचा तो ड्रायव्हर, ते घर त्याने कधी पाहिलं नव्हतं.

हा आझाद व्हिसा, म्हणजे नोकरी नावापुरती आणि काम बाहेर शोधायचं, मुंबईच्या एजंटने विकला. एजंटने किती घ्यावे याची कायद्याने मर्यादा आहे, 30 हजार रुपये आणि वर कर. त्याने किती घेतले ते लिहीत नाही, बहिणीच्या बांगड्या आठवतात. कफीललाही, म्हणजे ज्याच्या नावावर व्हिसा निघतो त्या मालकालाही, यात तोटा नव्हता. घरकामगाराचा इकामा वर्षाला 600 रियालमध्ये होतो, कंपनीच्या कामगारावर मकतब अमलची, म्हणजे कामगार कार्यालयाची, फी धरून दहा हजारांच्या आसपास जातात. मग घरचे ड्रायव्हर रस्त्यावर पिझ्झा वाटत फिरणारच. आणि 14 मार्च 2021 पासून कफील बदलायची जी मोकळीक आली, तिच्यातून घरचे ड्रायव्हर, माळी, मेंढपाळ वगळलेले. ज्यांना दार सगळ्यात जास्त हवं होतं, नेमकं त्यांच्याच तोंडावर ते लावलं.

पण माझं भांडण तुमच्याशी आहे, आणि ते पकडलं जाण्यावरून नाही. रमजानमध्ये त्याची बाइक घसरली, मनगट मोडलं. विमा तुमच्या इकाम्यावर, म्हणून दवाखान्यात नाव तुमचं सांगितलं. एक्स-रे तुमचा, रक्तगट तुमचा. कागदोपत्री आज तुमच्या मनगटात धातूची पट्टी आहे, भाई. थंडीत दुखते का हो? भूल देण्यापूर्वी डॉक्टरांनी विचारलं, साखर आहे का? पोराला प्रश्न पडला की कुणाची साखर सांगायची. ऑपरेशनच्या टेबलावरच काही झालं असतं तर मय्यतीचा कागद कुणाच्या नावाने निघाला असता? माझी बहीण इथे मुलाच्या फोनची वाट पाहत बसली असती आणि तिकडे तुम्ही कागदावर मेलेले, खोलीत चहा पीत बसला असतात. याची लाज वाटत नाही तुम्हाला? एकवीस वर्षांचा पोर, आपल्याच तालुक्यातला, तुम्हाला चाचा म्हणायचा!

आणि पगार. अ‍ॅपचे पैसे तुमच्या खात्यात यायचे, तुम्ही भाडं कापून उरलेले द्यायचात. मनगट मोडल्यावर दोन महिन्यांचे दिलेच नाहीत. तक्रार करायला मकतबमध्ये जावं, तर कागदोपत्री तो हे कामच करत नव्हता. बाइक तुम्ही चालवत होता, घाम तुम्ही गाळत होता. चोरी करायची तर अशी करावी, की ज्याचं गेलं त्याचा कागदावर पत्ताच नसावा.

शिक्षेचं म्हणाल तर सौदी सरकार दर आठवड्याला पकडलेल्यांचा आकडा जाहीर करतं, बहुतेक वेळा दहा हजारांच्या वर. स्वतःच्या हिशेबावर काम करणाऱ्या परदेशी माणसाला 50 हजार रियालपर्यंत दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद आणि रवानगी. आपले कामगार बाहेर सोडणाऱ्या मालकाला एक लाखापर्यंत दंड, असंही कायदा म्हणतो. भाच्याचे ठसे घेतले, कामाच्या व्हिसाचं दार बंद झालं. त्याच्या कफीलला कुणी फोन केल्याचं ऐकिवात नाही.

तुमचंही मला कळतं, भाई. तुम्हीही असेच कुणाच्या तरी व्हिसावर गेलात. बेकायदा कामगारांना कागद नीट करायला दिलेली 2013 ची सवलत संपताना, नोव्हेंबरच्या धरपकडीत, तुम्ही खोलीला बाहेरून कुलूप लावून घेऊन आत बसला होतात, हे तुमच्या आईनेच आम्हाला सांगितलंय. कफील दर वर्षी रक्कम वाढवतो आणि नाही दिली तर हुरूब लावायची, म्हणजे कामगार पळाला अशी नोंद करायची, धमकी देतो. 2017 पासून सोबतच्या कुटुंबावर माणशी कर बसला, तेव्हा बायको-मुलांना परत पाठवलंत. पन्नाशी आली, गुडघे बाइकवर बसू देत नाहीत, म्हणून खातं भाड्याने द्यायचं सुचलं. हे सगळं खरं. तरी दोन महिन्यांचे पैसे पोराचेच.

ते त्याच्या आईच्या खात्यात टाका. सामानातली निळी पेटी येणाऱ्या माणसाबरोबर पाठवा, तिच्यात त्याचा आयटीआयचा दाखला आहे.

ता. क. बाइक घसरली त्या दिवशीचा सिग्नल तोडल्याचा दंड तुमच्या अब्शरवर, त्या सरकारी अ‍ॅपवरच्या खात्यावर, आला असेल. तो तुम्हीच भरा. बाइक तुम्हीच चालवत होतात.