मधल्या व्हॉल्व्हसाहेबांस अनावृत पत्र

प्रति,
मा. मधले व्हॉल्व्हसाहेब,
पंपरूम, बी विंगच्या मागे,
अंधेरी (पूर्व)



आपल्या नावाने आलेलं हे पहिलंच पत्र असावं. आमच्या सोसायटीत पत्रं चेअरमनना जातात, सेक्रेटरींना जातात, पार्किंगच्या भांडणात तर उपनिबंधकांपर्यंत जातात. आपली दखल कुणी घेत नाही. वास्तविक बी विंगमधल्या माणसाच्या पेल्यात आज कुठलं पाणी पडणार, हे ना पालिका आयुक्त ठरवतात ना जलअभियंते. ते आपण ठरवता. दीड इंची पितळी देह, सही नाही, शिक्का नाही, मानधन नाही, आणि अधिकार केवढा!

ज्यांना आपला परिचय नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. आमच्या बोअरिंगची लाइन जमिनीतून वर येते आणि पंपरूममध्ये तिला एक टी मारलेला आहे. एक फाटा फ्लशिंगच्या टाकीत जातो. दुसरा फाटा आपल्यातून जातो पिण्याच्या सक्शन टाकीत, म्हणजे जिथे म्युनिसिपालटीचं पाणी साठतं तिथे. फ्लशिंगच्या टाकीवर ठळक लाल अक्षरांत लिहिलं आहे, ‘बोअरिंगचे पाणी. पिण्यासाठी नाही.’ पाण्याला वाचता येतं अशी कमिटीची श्रद्धा आहे. आपल्यावर मात्र काहीच लिहिलेलं नाही. आपलं चाक अर्धं तुटलंय, म्हणून पंपवाल्याने तिथे पान्हा कायमचा अडकवून ठेवलाय. ग्लँडमधून थेंब थेंब गळतं, त्यावर सुतळी गुंडाळली आहे आणि सुतळीखाली ऑइल पेंटचा रिकामा डबा ठेवला आहे.

त्या डब्यावरून आठवलं. मध्यंतरी पालिकेचा माणूस तपासणीला आला होता. त्याने टॉर्च मारला, डब्यात अळ्या बघितल्या आणि नोटीस दिली. डब्याला. डब्यात पाणी कुठून येतं, हे विचारणं त्याच्या कामात बसत नव्हतं. त्याला तरी काय दोष द्यायचा? 1911 साली डॉ. चार्ल्स बेंटली यांनी मुंबईतल्या हिवतापावर अहवाल लिहिला, डास विहिरींत वाढतात हे दाखवून दिलं आणि त्यानंतर शहरातल्या विहिरी बुजवायचा नि झाकायचा सपाटा लागला. तेव्हापासून विहीर म्हटलं की पालिकेला आधी डास आठवतो. विहिरी-बोअरिंगचे कागद आजही कीटकनाशक अधिकाऱ्याच्या टेबलावरून फिरतात. डास शोधणारा माणूस डास शोधून गेला. ठीकच झालं.

आपला जन्म ‘इमर्जन्सी’तला. हा शब्द आमच्या कमिटीचा लाडका आहे. ठाण्यात कुणी तरी बोअरिंग मारताना पालिकेच्या जलबोगद्यालाच भोक पाडलं, आणि त्याच्या दुरुस्तीसाठी 31 मार्च 2023 पासून महिनाभर मुंबईत 15 टक्के पाणीकपात झाली. बोअरिंगने तोडलेलं पाणी भरून काढायला आम्ही बोअरिंगच उघडलं, तेव्हा आपली प्रतिष्ठापना झाली. त्याच वर्षी 30 नोव्हेंबरला सीप्झपाशी मेट्रो 6 च्या कामात 1800 मिलिमीटरची जलवाहिनी फुटली आणि अंधेरीच्या नळांनी दोन दिवसांहून जास्त मान टाकली. आपण पुन्हा सेवेत. 2024 च्या मे अखेरीस 5 टक्के कपात, जूनमध्ये 10 टक्के, ती जुलै संपता संपता उठली. आपण सेवेत. मग एप्रिल 2025, टँकरचा संप. आपण अर्थातच सेवेत. मी मिनिट्सचं रजिस्टर चाळून पाहिलं, साहेब. आपल्याला उघडण्याचे ठराव सापडले. बंद करण्याचा एकही सापडला नाही.

आणि बंद केलं तरी आपण कुठे पुरते बंद होता? सीट झिजलेली, त्यात बोअरिंगचा गाळ. म्युनिसिपालटीचं पाणी येतं ठरावीक तासांत. ते संपलं, पंपाने टाकी उपसली, की तिकडची पातळी खाली जाते आणि बोअरिंगची लाइन दाबाखाली उभीच असते. मग आपण त्या बोअरिंगच्या पाण्याला हळूच वाट काढून देता. भांडुपला शुद्ध होऊन निघालेलं पाणी सोबत थोडा क्लोरीन घेऊन येतं, वाटेत काही घुसलं तर त्याचा समाचार घ्यायला. आयएस 10500 या भारतीय मानकानुसार असा शिल्लक क्लोरीन लिटरमागे निदान 0.2 मिलिग्रॅम हवा. बोअरिंगचं पाणी त्यात मिसळलं की तो पातळ होतो, त्या पाण्यातल्या घाणीशी झुंजताना खर्ची पडतो आणि वरच्या टाकीपर्यंत पोचतो तो निःशस्त्र. या सगळ्याचा आवाज होत नाही. फार तर चौथ्या मजल्यावरच्या काकू म्हणतात, ‘हल्ली डाळ लवकर शिजत नाही हो.’ कमिटीचं उत्तर तयार असतं, की डाळच जुनी असेल.

कमिटीकडे विज्ञान नाही असं मात्र कुणी म्हणू नये. खजिनदारांकडे टीडीएसचा पेन आहे. वॉटर प्युरिफायर विकायला आलेला मुलगा विसरून गेला, तो. सर्वसाधारण सभेत कुणी पाण्याचा विषय काढला की खजिनदार पेला मागवतात, पेन बुडवतात आणि आकडा वाचतात. ‘तीनशे ऐंशी! मानकात पाचशेपर्यंत चालतं.’ टाळ्या. पेन खोटं बोलत नाही. तो फक्त पाण्यात क्षार किती विरघळलेत ते सांगतो. त्याच मानकाने 100 मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय एकसुद्धा सापडता कामा नये असं म्हटलंय, आणि जंतू टीडीएसच्या पेनात दिसत नाहीत. गटाराचा एक चमचा त्या पेल्यात ढवळला तरी आकडा बहुधा पाचशेच्या आतच राहील. नायट्रेटची मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम, तिथे तर मानक सवलतही देत नाही. शिवाय वाढलेलं नायट्रेट पुष्कळदा शेजारच्या ड्रेनेजची चुगली करत असतं. आमच्या बोअरिंगपासून ड्रेनेजचं चेंबर किती लांब आहे, हे आपण रोज बघताच.

आता कायद्याचं म्हणाल तर कायदा भरपूर आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर 1997 साली केंद्रीय भूजल प्राधिकरण आलं. त्याच्या 24 सप्टेंबर 2020 च्या मार्गदर्शक सूचनांत एकेकट्या घराच्या वापराला सूट आहे, पण गृहसंकुलाला ना-हरकत प्रमाणपत्र लागतं, तेही सरकारी पाणी पुरेसं नसेल तरच. उपसा मोजायला मीटर लागतो. चांगलं आहे. भूजल कुणाच्या बापाचं नाही, ते मोजलंच पाहिजे. टँकर भरणाऱ्या विहिरींनाही हेच नियम पाळायला सांगितले, विहिरीसाठी 200 चौरस मीटर जागा, डिजिटल मीटर, ‘भू-नीर’ पोर्टलवर नोंदणी, आणि पालिकेने नोटिसा काढल्या. 10 एप्रिल 2025 ला टँकर थांबले. पालिकेने नोटिसांना 15 जूनपर्यंत स्थगिती दिली तरी थांबलेच राहिले. शेवटी आपत्ती व्यवस्थापन कायदा बाहेर काढून टँकर आणि विहिरी ताब्यात घेण्याची भाषा झाली, तेव्हा कुठे 14 एप्रिलला संप मिटला. त्या दिवसांत लिटरची चर्चा झाली, जागेची झाली, परवान्याची झाली. हे पाणी शेवटी कुठल्या टाकीत उतरतं आणि ते प्यायल्यावर काय होतं, याबद्दल माझ्या कानावर तरी एक अक्षर आलं नाही. एक खातं डास मोजतं, दुसरं लिटर मोजतं. ते ई. कोलायवालं 100 मिलिलिटर मोजणं कुणाच्या वाट्याला आलंय, ते आपल्याला ठाऊक असेल तर कळवावं.

कमिटीच्या तर्काचं मला मनापासून कौतुक वाटतं. बोअरिंगचं पाणी पिण्यासाठी नाही, तसं लिहूनच ठेवलंय, मग ते तपासायचं कशाला? तपासलेलं नाही, म्हणजे खराब असल्याचा पुरावा नाही. पुरावा नाही, तर इमर्जन्सीत व्हॉल्व्ह उघडायला हरकत काय? सेक्रेटरी मला खासगीत म्हणाले, ‘अहो, टेस्ट केली आणि रिपोर्ट वाईट आला तर मग काही तरी करावं लागेल ना!’ इतका प्रामाणिक माणूस कमिटीत मिळणं कठीण.

टाकी सफाईचं रजिस्टरही असंच देखणं आहे. तारखा सरळ रांगेत, शाई एक, अक्षर एक, सह्या एकाच बैठकीतल्या. ते पाहून मला वॉकरटन आठवलं. कॅनडात, ऑन्टारियोमध्ये, पाचेक हजार वस्तीचं गाव. गावाचं पाणी विहिरींचं. मे 2000 मध्ये जोराचा पाऊस झाला, गोठ्याचं शेण एका उथळ विहिरीत उतरलं आणि ई. कोलायच्या एका घातक जातीने सात जण दगावले, दोन हजारांहून जास्त आजारी पडले. चौकशीत निघालं ते असं, की क्लोरीनचे रोजचे आकडे वर्षानुवर्षं न मोजताच वहीत भरले जात होते. वही नियमित होती. आणि कॅनडा लांब वाटत असेल तर सिंहगड रोड आहे. जानेवारी 2025 मध्ये पुण्यात जीबीएसचे रुग्ण एकामागून एक सापडू लागले, हातापायांतली ताकद जाणारा आजार, आणि संशयाची बोटं नांदेडगावच्या विहिरीकडे, खासगी टँकरकडे आणि आरओ प्रकल्पांकडे वळली. तिथल्या घराघरांतही टीडीएसचे पेन असतीलच.

गैरसमज नको, बोअरिंगशी माझं वैर नाही. शंभर किलोमीटरवरून आणलेलं, गाळलेलं, क्लोरीन घातलेलं पाणी आम्ही संडासात ओततो, याच्यासारखं पाप नाही. फ्लशला, बागेला, गाड्या धुवायला बोअरिंगच हवं.  भांडण आहे ते फक्त आपल्याशी.

तेव्हा विनंती अशी, की साहेबांनी आता स्वेच्छानिवृत्ती घ्यावी. आपल्याला नीट बंद करून आपली निष्ठा सिद्ध करण्याची संधी देण्यात अर्थ नाही. आपण सुतळीवर जगता. आपल्यासकट तो दोन फुटांचा पाइप काढून दोन्ही तोंडांना डमी मारावी. बोअरिंग आणि पिण्याचं पाणी यांच्यामध्ये पितळ नको, मोकळी हवा हवी. प्लंबरचं एका दुपारचं काम आहे. पुढची इमर्जन्सी आली, आणि ती येणारच, तर पिण्यासाठी बादलीने पाणी वाटू, नोटीस बोर्डावर ‘उकळून प्या’ असं लिहू, पण पाइपातून गुपचूप काही येणार नाही. वर्षातून दोनदा, त्यात एकदा पावसाळ्यात, नळाचा आणि बोअरिंगचा नमुना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत द्यावा आणि रिपोर्ट लिफ्टमध्ये चिकटवावा, जिथे आजवर फक्त थकबाकीदारांची नावं लागत आली आहेत. मधल्या काळासाठी एचटूएस चाचणीची तयार बाटली पुरे: पाणी भरून ऊबदार जागी ठेवायची, एकदोन दिवसांत काळी पडली तर पाण्यात विष्ठेतले जंतू असल्याचा दाट संशय धरायचा. खजिनदारांना पेन आवडतो, बाटलीही आवडेल.

हा विषय मी येत्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर लेखी दिला आहे. सेक्रेटरींनी तो ‘आयत्या वेळचे विषय’ या सदराखाली, पेंटिंगच्या कोटेशननंतर घातला आहे. पेंटिंगवर आमची सभा रात्री साडेअकरापर्यंत चालते आणि तोवर कोरम उरत नाही. म्हणून हे पत्र वाचणाऱ्या मुलुंड, घाटकोपर, बोरिवलीच्या सभासदांना सांगणं आहे: आज संध्याकाळी वॉचमनकडे पंपरूमची किल्ली मागा, बोअरिंगच्या लाइनवर हात ठेवा आणि ती कुठे कुठे जाते ते शेवटपर्यंत चालत जाऊन बघा.

आपला,
बी विंगमधला एक सभासद
(मेंटेनन्स मार्चपर्यंत भरलेला)