एकच मिशन, कुणाची पेन्शन?

१ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्या कारकून-शिक्षकांच्या वाट्याला एनपीएस, म्हणजे पगारातून कपात करून बाजारावर सोडलेली नवी पेन्शन. त्यांना जुनी पेन्शन सरसकट देणं महाराष्ट्राच्या तिजोरीला झेपत नाही म्हणे. मार्च २०२३ मध्ये ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ म्हणत ही मंडळी संपावर गेली. पण राज्याचं दिवाळं निघेल, असं त्याआधीच सभागृहात सांगून झालं होतं.

त्या सभागृहातल्या मंडळींचं काय? एकदा आमदार झालं, की माजी झाल्यावर महिन्याला निदान ५०,००० रुपये. पाच वर्षांच्या पुढे प्रत्येक वर्षाला आणखी २,०००. स्वतःच्या पगारातून त्यासाठी कपात नाही, शेअर बाजाराची धाकधूक नाही. दिल्लीत तर मार्च २०२५ मध्ये खासदारांचा पगार एक लाखावरून १ लाख २४ हजार झाला, तोही एप्रिल २०२३ पासून! महागाई त्यांना मागच्या तारखेनेसुद्धा छळते, बिचाऱ्यांना.

पंजाबने २०२२ मध्ये आमदारांसाठी कायदाच केला : कितीही वेळा निवडून या, पेन्शन एकच. तिथलं आभाळ काही कोसळलं नाही.

तेव्हा पुढच्या निवडणुकीत साहेब दारात आले, की चहा जरूर पाजा. आणि कप हातात असतानाच विचारा, ‘साहेब, तुमची एनपीएस कधी सुरू करायची?’